बंद केलं, तर परत चालू होईल?

पुरातून माणसं काढायला आलेलं हेलिकॉप्टर जमिनीला टेकलं, तरी त्याचं इंजिन बंद करत नाहीत. त्याचं कारण इंजिन चालू होतानाच्या अर्ध्या मिनिटात दडलंय.

२०२५ चा सप्टेंबर परंडा तालुक्यातलं कुणी विसरणार नाही. सीना नदी पात्र सोडून शेतात, वस्त्यांवर, घरांत शिरली. सोयाबीन गेलं, जनावरं गेली, कित्येकांच्या रानातली मातीसुद्धा वाहून गेली. लोक छतावर जाऊन बसले, काही ठिकाणी बोट पोचेना, तेव्हा हेलिकॉप्टर बोलवावं लागलं. तुमच्यापैकी काहींनी ते डोळ्यांनी पाहिलं असेल, बाकीच्यांनी मोबाइलवर.

हेलिकॉप्टरने माणसं सोडवल्याचा असा कुठलाही व्हिडिओ पुन्हा एकदा लावा आणि एक गोष्ट नीट बघा. हेलिकॉप्टर जमिनीला टेकतं. माणसं उतरतात, म्हाताऱ्या आजींना कुणी हाताला धरून बाजूला नेतं, कुणी चढतं. पण वरचा पंखा काही थांबत नाही. धूळ उडतेय, कानठळ्या बसतायत, कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, तरीही इंजिन चालूच. आता दोन मिनिटं बंद करून, शांतपणे लोकांना चढवून, मग परत चालू केलं तर काय बिघडलं? गावातली एसटीसुद्धा चहाला थांबली की बंद करतात!

हा प्रश्न वाटतो तितका येडपट नाही. त्याच्या उत्तरात लष्करी हेलिकॉप्टरमधला एक असा भाग आहे, ज्याचे फोटो कुणी काढत नाही. २६ जानेवारीच्या संचलनात रॉकेट, तोफा, क्षेपणास्त्रं दिसतात. स्टार्टर दिसत नाही. पण तो नसेल तर बाकी सगळं जागेवर उभं राहतं.

हँडल मारणारा माणूस

आधी आपल्या शेतात जाऊ. तुमच्या आजोबांना विचारा, विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन कसं चालू करायचे. दोन माणसं लागायची. एकजण हँडल घालून गरागरा फिरवणार, दुसरा वरची छोटी लिव्हर उचलून धरणार, म्हणजे आतली हवा दाबली जाणार नाही आणि चाक हलकं फिरेल. वेग आला की हँडलवाला ओरडणार, ‘सोड!’ लिव्हर खाली, एक गचका, काळा धूर आणि धड-धड-धड. हँडल वेळेवर निघालं नाही किंवा उलटं फिरलं, तर मनगट गेलंच म्हणून समजा. त्या पिढीतल्या बऱ्याच जणांकडे त्याची खूण असते.

यातली मुख्य गोष्ट ही, की कुठलंही इंजिन स्वतःहून सुरू होत नाही. पहिलं फिरवणं बाहेरून यावं लागतं. हाताने, किकने, बॅटरीवरच्या सेल्फने. आणि सेल्फ गेलेला असेल तर ट्रॅक्टर उतारावर लावायचा, चारजणांनी ढकलायचा आणि वेग आला की गिअर टाकायचा. हा उताराचा उपाय लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

हेलिकॉप्टरचं इंजिन म्हणजे टर्बाइन. ट्रॅक्टरच्या इंजिनात बंद डबा असतो, म्हणजे सिलिंडर. त्यात हवा कोंडायची, दाबायची, पेटवायची. झाकण बंद असल्यामुळे चाक हळू फिरत असलं तरी काम होतं, मिनिटाला शे-दोनशे फेरे पुरतात. टर्बाइन ही मात्र दोन्ही बाजूंनी उघडी नळी आहे. पुढून पंख्यांनी हवा आत ओढायची आणि दाबायची, मध्ये इंधन फवारून पेटवायचं, आणि मागून जोरात निघणाऱ्या गरम वायूने एक चक्र फिरवायचं. तेच चक्र पुढच्या पंख्याला फिरवतं. म्हणजे चुलीतल्या आगीनेच फुंकणी चालवायची, असा प्रकार.

आता चूल पेटवताना काय होतं ते आठवा. फुंकर घालत असाल तर जाळ पलीकडे जातो. फुंकर न घालता रॉकेल ओतलंत, तर जाळ भसकन तोंडावर येतो. टर्बाइनचंही तसंच. नळीतून पुरेशी हवा वाहत नसताना इंधन पेटलं, तर ती आग चक्र फिरवत बसत नाही, चक्र जाळते. म्हणून आधी फुंकर, मग जाळ. आणि ही पहिली फुंकर घालणारा तो स्टार्टर.

किती वेगाने फिरवायचं? आपल्या लष्कराच्या ‘चेतक’ आणि ‘चीता’ या दोन्ही जुन्या हेलिकॉप्टरांत फ्रेंच बनावटीचं आर्टूस्ट इंजिन आहे. ते पूर्ण वेगात मिनिटाला ३३,५०० फेरे घेतं. ट्रॅक्टरचं इंजिन दोन-अडीच हजारांवर ओरडायला लागतं, त्याच्या तुलनेत बघा. वरचा मोठा पंखा मात्र मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फिरतो, मधले सगळे फेरे गिअरबॉक्स उतरवतो. स्टार्टरला इंजिन थेट ३३,५०० पर्यंत न्यायचं नसतं. आग लागेपर्यंत न्यायचं, आणि आग लागल्यावरही हात सोडायचा नसतो. लहान पोराला सायकल शिकवताना सीट धरून पळतो ना, तसं. आग लागली म्हणजे इंजिन चालू झालं असं नाही. स्वतःच्या जोरावर फिरता येईल एवढा वेग येईपर्यंत मागून ढकलावंच लागतं.

अर्धं मिनिट

चीत्यात हे काम विजेची मोटर करते. एकदा इंजिन चालू झालं की तीच मोटर उलट्या भूमिकेत जाते आणि वीज तयार करते, म्हणून तिला स्टार्टर-जनरेटर म्हणतात. बटण दाबलं की बॅटरीतून शेकडो अँपिअर करंट ओढला जातो. इंजिनाची बारीक शीळ सुरू होते आणि वर चढत जाते. ठिणगीची टिकटिक. मग इंधन आत येतं आणि भक्क करून आग धरते. शीळ जाड होते. सगळं मिळून साधारण अर्धं मिनिट. चीत्याची एक वेगळी गंमत म्हणजे इंजिन सुरू होताना वरचा पंखा त्याला जोडलेलाच नसतो. मध्ये क्लच आहे. पायलट इंधनाची लिव्हर हळूहळू पुढे नेतो, वेग वाढतो, मग क्लच धरतो आणि पाती सुस्तावलेल्या म्हशीसारखी हलायला लागतात.

या अर्ध्या मिनिटात पायलटचे डोळे कुठे असतात? समोर आकाशात नाही. एका काट्यावर. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान दाखवणाऱ्या काट्यावर. आग धरली की तो काटा झपकन वर जातो, जायलाच हवा. पण वर जाऊन कुठेतरी थबकून मागे यायला हवा. काटा थांबला नाही, लाल रेघेकडे निघालाच, तर त्याला ‘हॉट स्टार्ट’ म्हणतात. काही सेकंदांत चक्राची पाती भाजून निघतात. इंजिन वरून ठीक दिसतं, पण आतून कामातून गेलेलं असतं. ते उतरवून, उघडून, तपासल्याशिवाय उडायचं नाही. आणि लाखो-करोडोंचं इंजिन अजून जमीन न सोडताच गेलेलं असतं.

दुसरा प्रकार कमी भडक, पण जास्त फसवा. आग धरते, वेग थोडा चढतो आणि मग अडकतो. वरही जात नाही, खालीही येत नाही. याला ‘हंग स्टार्ट’ म्हणतात. वाटतं, थोडा वेळ देऊ, चढेल. तेवढ्यात तापमान चढतं.

ही दोन्ही दुखणी बहुतेकदा एकाच घरातून येतात. बॅटरी अशक्त, म्हणून स्टार्टर हळू, म्हणून हवा कमी, म्हणून तेवढ्याच इंधनाला आग जास्त. वारा मागून येऊन नळीत उलटा घुसत असला, तरी तेच.

मग करायचं काय? इंधन तोडायचं. लगेच. पण स्टार्टर फिरवत ठेवायचा, म्हणजे आतली आग आणि न जळलेलं इंधन हवेने बाहेर निघून जाईल आणि इंजिन गार होईल. आणि मग थांबायचं. स्टार्टरची मोटर तापलेली असते, तिला विश्रांती द्यावी लागते. किती प्रयत्न, मध्ये किती मिनिटं थांबायचं, हे त्या-त्या हेलिकॉप्टरच्या पुस्तकात लिहिलेलं असतं.

इथेच खरी परीक्षा आहे, आणि ती तुम्हाला चांगली ठाऊक आहे. सकाळी पेपरला जायचंय, बाइक चालू होत नाही. सेल्फ मारला, नाही. परत मारला, नाही. अजून एकदा. प्रत्येक वेळी ‘आता होईलच’ असं वाटतं, आणि प्रत्येक वेळी बॅटरी आणखी उतरते. बाइकचं फार तर एवढंच होतं, की शेवटी ढकलावी लागते. टर्बाइनला दुसरा प्रयत्न पहिल्यापेक्षा धोक्याचा असतो, कारण बॅटरी आता आणखी थकलेली आहे आणि फुंकर आणखी बारीक होणार आहे. पलीकडे छतावर माणसं अडकलेली असोत, साहेब घड्याळाकडे बघत असोत, काटा लाल रेघेकडे निघाला की हात मागे घ्यायचा. चालू करण्यासाठी एक बटण पुरतं. पायलटला घोटवून घ्यावं लागतं ते सोडून देणं.

एका जुन्या इंग्रजी सिनेमात हे फार छान दाखवलंय. १९६५ चा ‘द फ्लाइट ऑफ द फिनिक्स’. विमान वाळवंटात कोसळलंय, वाचलेली माणसं मोडक्या भागांतून नवं विमान उभं करतात. त्याचं इंजिन काडतुसाच्या स्फोटाने चालू होतं, आणि काडतुसं मोजकीच उरलीत. दोन-चार वाया जातात. मग पायलट ठरवतो की पुढचं काडतूस ठिणगी बंद ठेवून उडवायचं, निव्वळ इंजिनाचे सिलिंडर साफ करायला. बाकीचे ओरडतात, वेडा झालास का! बघाच तो प्रसंग. टर्बाइनवाले फसलेल्या प्रयत्नानंतर ठिणगी आणि इंधन बंद ठेवून इंजिन नुसतं फिरवतात, ती याचीच भावकी.

उतार नसलेला ट्रॅक्टर

आता मघाचा उतार आठवा. स्टार्टर गेला तर ट्रॅक्टर ढकलून चालू होतो. हेलिकॉप्टर हवेत असताना इंजिन बंद पडलं, तर खाली येण्याच्या वेगाने ते आपोआप परत चालू होईल का?

याचं उत्तर एका माणसाने फार उंचावर अनुभवलं. ते हेलिकॉप्टर आपल्या चीत्याचंच मूळ रूप होतं. फ्रान्सच्या कंपनीने ‘लामा’ नावाचं हेलिकॉप्टर १९६८ पासून बनवायला घेतलं, ते भारतीय सैन्याला हिमालयात काम करणारं यंत्र हवं होतं म्हणून. पुढे तेच हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ‘चीता’ या नावाने बंगळुरूला बनवलं. २१ जून १९७२ ला फ्रेंच वैमानिक ज्याँ बूले याने एक हलकं केलेलं लामा १२,४४२ मीटरपर्यंत नेलं. एव्हरेस्टच्या माथ्यापेक्षाही साडेतीन किलोमीटर वर! बाहेर उणे ६० अंशांच्याही खाली थंडी. उतरायला म्हणून त्याने ताकद कमी केली आणि इंजिन विझलं. परत पेटेना. खालपर्यंतचा सगळा प्रवास त्याने इंजिनाशिवाय केला आणि सुखरूप उतरला. उंचीच्या विक्रमासोबत इंजिनाशिवाय सर्वांत लांब उतरण्याचा विक्रमही असा न मागता पदरात पडला.

तो वाचला कसा? हेलिकॉप्टर खाली येत असताना खालून वर येणारी हवा पंखा फिरवत ठेवते, आपल्या माळावरच्या पवनचक्कीसारखा. त्या फिरण्यावरच पायलट हेलिकॉप्टर तोलतो आणि जमिनीजवळ शेवटचा आधार घेतो. पण मग एवढा मोठा पंखा फिरतोय, तर त्यानेच इंजिन का नाही फिरत? कारण मध्ये फ्रीव्हील आहे, अगदी तुमच्या सायकलीच्या मागच्या चाकात असतं तसं. सायकल उतारावर पळते, पण पेडल फिरत नाही. इंजिन बंद पडलं तर ते पंख्याला ओढून अडवू नये म्हणून हे मुद्दाम केलेलं असतं. पंखा वाचतो, माणूस वाचतो. पण उतारावर ढकलून चालू करण्याचा रस्ता कायमचा बंद होतो. जेट विमानाचं निदान असं आहे, की वेगाने पुढे जाताना समोरची हवा इंजिनात घुसून त्याला फिरवते. हेलिकॉप्टर तेवढ्या वेगाने जातच नाही. त्याला हवेतही स्टार्टरच लागतो, बॅटरीच लागते.

म्हणूनच सियाचीनची गोष्ट समजते. १९८४ च्या ‘ऑपरेशन मेघदूत’पासून तिथल्या चौक्यांचा आधार हेलिकॉप्टर. वीस हजार फुटांच्या आसपासच्या चौकीवर चीता टेकतो, रॉकेलचे डबे, औषधं, टपाल खाली ढकललं जातं, आजारी जवान आत ओढला जातो आणि निघाला. पंखा फिरताच. तिथे इंजिन बंद करण्याची चैन परवडत नाही. हवा विरळ, म्हणजे फुंकर आधीच अशक्त. थंडीने बॅटरी गारठलेली, तेल काकवीसारखं घट्ट. हॉट स्टार्टला लागणारी सगळी सामग्री एका जागी जमलेली. आणि चालू झालंच नाही, तर मदतीला दुसरं हेलिकॉप्टर बोलवायचं, त्याला उतरायला तेवढी सपाट जागा कुठून आणायची? अतिथंड मुक्कामी रात्री हेलिकॉप्टरची बॅटरी काढून उबेला ठेवायची पद्धत आहे, ती याचसाठी. आपण बाळंतिणीला जपतो तशी ती बॅटरी जपतात.

सीनेच्या पुरात उणे अंश नव्हते, विरळ हवाही नव्हती. पण हिशेब तोच. चिखलातल्या वस्तीवर, चहूबाजूंनी पाणी, जमिनीवरून जोडायची बॅटरीची ट्रॉली तिथे येणार नाही, मेकॅनिक येणार नाही. चालू आहे ते चालू ठेवा!

शेवटी हातच

हेलिकॉप्टर मोठं झालं की एकट्या बॅटरीचा दम पुरत नाही. हवाई दलाचं एमआय-१७ घ्या, पूर-भूकंपात सगळीकडे दिसणारं. त्याला दोन मोठी इंजिनं. त्यांना चालू करायला वर एक तिसरं, छोटं टर्बाइन बसवलेलं असतं. बॅटरी आधी या छोट्याला चालू करते. छोटं इंजिन दाबलेली हवा तयार करतं, ती हवा नळीतून पहिल्या मोठ्या इंजिनाच्या स्टार्टरवर सोडतात, ते चालू झालं की दुसऱ्याच्या. घरात चुलीतलं एक जळतं लाकूड काढून दुसरी चूल पेटवायची, तसं.

चिनूक त्याच्याही पुढचं. मार्च २०१९ मध्ये चंडीगडला हवाई दलात आलेलं हे दोन पंख्यांचं धूड, तोफ खाली टांगून डोंगरावर नेणारं. एकेका इंजिनाची ताकद जवळपास पावणेपाच हजार अश्वशक्ती, म्हणजे पन्नास अश्वशक्तीचे जवळजवळ शंभर ट्रॅक्टर एका इंजिनात. ही इंजिनं फिरवतं तेल. दाबाखालचं तेल, जेसीबीच्या हाताला ताकद देणारं असतं तसं. तो दाब तयार करतं एक छोटं टर्बाइन. आता ते छोटं टर्बाइन कोण चालू करतं? एका टाकीत आधीच दाबून साठवलेलं तेल. आणि त्या टाकीतला दाबच उतरला असेल तर? मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा हसूच आलं. तर आत एक हातपंप आहे. एक माणूस दांडा धरून हापसत बसतो, गावच्या हापशासारखा. दाब भरला की तो छोट्या टर्बाइनला फिरवतो, छोटं मोठ्याला, आणि मोठं त्या दोन प्रचंड पंख्यांना. शे-दोनशे ट्रॅक्टरांच्या साखळीच्या टोकाला शेवटी एका माणसाचा दंड. आजोबांचं हँडल सुटलं कुठे?

नव्या हेलिकॉप्टरांत काट्याकडे बघायचं काम बरंचसं संगणकाकडे गेलंय. ‘ध्रुव’ आणि ‘प्रचंड’ या आपल्याकडे बनलेल्या हेलिकॉप्टरांत ‘शक्ती’ इंजिन आहे. इंधन किती, केव्हा, हे संगणक ठरवतो. पायलट तरीही बघतोच. बघायलाच लावतात.

हे सगळं शिकवतात कुठे? फार लांब नाही. लष्कराच्या वैमानिकांची शाळा आपल्याच राज्यात, नाशिक रोडला गांधीनगरच्या धावपट्टीवर आहे. ‘कॅट्स’ म्हणतात तिला, २००३ पासून. मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या, त्यांना पंख मिळाले ते नाशिकलाच. पण पायलट होणाऱ्यांची संख्या मूठभर. एका हेलिकॉप्टरमागे बॅटरी तपासणारे, स्टार्टरचे ब्रश बदलणारे, तेल बघणारे हात कितीतरी जास्त लागतात. लष्करात हे काम ईएमईचे जवान करतात. हवाई दलात अग्निवीरवायूसाठी बारावीला गणित, भौतिकशास्त्र आणि इंग्रजी घेतलेल्यांना किंवा इंजिनीअरिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा केलेल्यांना अर्ज करता येतो. टक्क्यांची आणि वयाची अट दर जाहिरातीत नीट वाचा, मित्राने सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नका. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात आयटीआयवाल्यांना अप्रेंटिस म्हणून घेतात, तिथे हेलिकॉप्टर नाही, लढाऊ विमानं आहेत, पण टर्बाइन ते टर्बाइनच. आयटीआय म्हणजे ‘काहीच नाही मिळालं म्हणून’ असं समजणाऱ्या घरांत ही ओळ मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नाही.

आणि एवढं वाचून तुम्हाला हे प्रत्यक्ष बघायचं असेल, तर नाशिकपर्यंतही जायला नको. निवडणुका येतीलच. नेत्यांच्या सभेला हेलिकॉप्टर येतं, शाळेच्या मैदानावर चुना टाकून गोल आखतात, अख्खं गाव ते उतरताना बघायला पळतं. उतरलं की सगळे नेत्यामागे जातात. तुम्ही जाऊ नका. पोलिस सांगतील तेवढ्या अंतरावर थांबा, शेपटीकडे तर फिरकूच नका, मागचा छोटा पंखा फिरताना दिसतसुद्धा नाही. भाषण संपेल, नेते येतील, दार लागेल. वारा कुठून येतोय ते बघा, पायलटने नाक कुठे ठेवलंय ते बघा. मग कान द्या. आधी बारीक शीळ, तिच्याखाली टिकटिक. शीळ चढत जाईल. मग एक भक्क. त्या क्षणी काचेआडच्या पायलटकडे बघा. गर्दी त्याच्याकडे हात हलवत असेल आणि त्याचं लक्षच नसेल.